सुनंदाने बिघडवलेलं मशीन

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याच्याशी तासन्‌तास गप्पा हाणतो त्या मित्राला तर मुळीच नाही. तो ऐकून हसेल अशी भीती वाटते — आणि तो हसला तर मीही त्याच्याबरोबर हसेन, याची जास्त वाटते. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून जरा धीर होतोय. असंच असतं ना माणसाचं? घरच्यांपुढे तोंड उघडत नाही, आणि एस.टी.त शेजारी बसलेल्याला पोटातलं सगळं सांगून मोकळा होतो.

गोष्ट एका सॉफ्टवेअरची आहे. फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर, ते सुरू होता होताच बंद पडायचं. बस्स, एवढंच. ऐकायला किती फालतू वाटतं. त्यात लपवण्यासारखं काय असणार? मीही स्वतःला वर्षानुवर्षं हेच सांगत आलो — मशीन बिघडलं होतं, मग सुरू झालं, विषय संपला. पण विषय संपला नव्हता, आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

नव्वदचं दशक अर्ध्याहून पुढे गेलं होतं. मी मूळचा धुळ्याचा. पुण्यात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, तिथे कोणी उभं केलं नाही, आणि जळगावला प्रल्हादभाऊंच्या फोटो स्टुडिओत येऊन चिकटलो. नवी पेठेत खाली दुकान, वर त्यांचं घर. आसपासच्या स्टुडिओवाल्यांत कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणणारे भाऊच पहिले. त्यासाठी दुकानाच्या मागच्या अंगाला काचेची खोली बांधली होती. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन आत जायचं, आणि रोज सकाळी सुरू करण्याआधी मॉनिटरला कुंकवाचं बोट लावून अगरबत्ती ओवाळायची. कॉम्प्युटर असं कोणी म्हणायचंच नाही, सगळे 'मशीन' म्हणायचे. अन् त्या मशीनमधलं काय ते फक्त मला कळतं, अशी सगळ्यांची समजूत. ती समजूत मीच करून दिली होती.

भाऊ मला 'इंजिनियर' म्हणायचे. मी इंजिनियर नव्हतो हे त्यांनाही ठाऊक होतं, पण गिऱ्हाइकापुढे बरं दिसायचं. मीही मग शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून तसाच वागायचो. काही विचारलं की आधी इंग्रजीत दोन शब्द टाकायचे, मग मान हलवायची, मग 'बघतो' म्हणायचं. किती खोटा होतो मी — पण तेव्हा ते खोटं वाटत नव्हतं. तेव्हा ते शिक्षण वाटत होतं.

आणि सुनंदा.

सुनंदा चोपड्याकडच्या एका खेड्यातली. जळगावात मामाकडे राहून बारावी झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली. भाऊंनी तिला कामाला घेतलं आणि मशीन शिकवायला माझ्या हवाली केलं. ती मला 'सर' म्हणायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच लहान असेल, पण सर. मला सर म्हणणारं आयुष्यातलं ते पहिलं माणूस. मी माउस कसा धरायचा इथपासून सांगत गेलो आणि ती मान खाली घालून शिकत गेली. मी जे सांगेन ते तिला खरं वाटायचं. एखाद्या वेळी मलाही पक्कं ठाऊक नसायचं, तरी मी ठोकून द्यायचो, आणि ती तेही खरं मानायची.

मामीला ती जड झाली होती. नोकरी आहे तोवर राहा, असं सरळ ठरलेलं. नोकरी सुटली की गावी जायचं, आणि गावी गेली की पहिलं येईल ते स्थळ. हे तिनेच मला एकदा चहा पिता पिता सांगितलं होतं, काही कुरकुर न करता, जणू दुसऱ्याच कोणाचं सांगतेय. म्हणजे मला हे माहीत होतं. एवढं ध्यानात ठेवा — मला माहीत होतं.

आणखी एक सांगून टाकतो, नाहीतर पुढे हिंमत व्हायची नाही. गर्दीच्या फोटोतून एखादं माणूस कापून वेगळं काढायचं, हे आमचं मुख्य काम. सुनंदाचा हात त्या कामावर चांगला बसला होता. केसांची कड, पदराची किनार ती न कंटाळता सोडवत बसायची. एकदा भाऊ सहज म्हणाले, "हे सुनंदाला देऊन दे, तू घाई करतोस." बाकी काही नाही, एवढंच म्हणाले. पण मला ते झोंबलं. दिवसभर मी तिच्याशी धड बोललो नाही. तिला वाटलं, माझं डोकं दुखतंय. तिने मला बामची डबी आणून दिली.

आता फॉन्टचं सांगतो. फॉन्ट म्हणजे अक्षरांची वळणं, एवढं समजा. लोकांना तेव्हा फोटोखाली नाव छापून हवं असायचं. लग्नाच्या अल्बमवर नवरानवरीचं, आणि गेलेल्या माणसाच्या फोटोखाली 'कै.' लावून. आमच्या मशीनमधली मराठी अक्षरं म्हणजे तहसीलदाराची नोटीस. धुळ्यात माझ्या मित्राचा छापखाना होता. एका रविवारी घरी गेलो तेव्हा त्याच्याकडे झोकदार, वेलांट्यांना नक्षी असलेले फॉन्ट पाहिले आणि लागलीच फ्लॉपीवर भरून घेतले. भाऊंची सक्त ताकीद होती की बाहेरची फ्लॉपी मशीनमध्ये घालायची नाही. पूर्वी कोणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस आला होता आणि ऐन लग्नसराईत मशीन आठवडाभर बंद पडलं होतं. मग ही ताकीद मला लागू नव्हती का? होती. पण मी म्हटलं, आपल्याला काय कळत नाही का? भाऊंना भारीतली अक्षरं दाखवू, ते खूश होतील, सुनंदाही बघेल.

सोमवारी संध्याकाळी भाऊ बाहेर गेल्यावर मी फ्लॉपी घातली आणि सगळे फॉन्ट मशीनमध्ये टाकले. सॉफ्टवेअर आधीपासून चालू होतं, त्यामुळे लगेच काही झालं नाही. काम आवरलं, मशीन बंद केलं, शीळ घालत खोलीवर गेलो.

मंगळवारी सकाळी मशीन सुनंदाने सुरू केलं. रोज तीच सुरू करायची.

सॉफ्टवेअर उघडताना आधी त्याच्या नावाचं चित्र यायचं. चित्राखाली बारीक ओळी झरझर बदलायच्या — आता हे वाचतंय, आता ते तपासतंय. त्या दिवशी त्या ओळी मध्येच थांबल्या आणि करड्या रंगाची एक चौकट आली. चौकटीत इंग्रजीत लिहिलेलं, की या प्रोग्रामने बेकायदेशीर काम केलेलं आहे, सबब तो बंद करण्यात येत आहे. मी आलो तेव्हा सुनंदा हात मांडीवर ठेवून बसली होती, माउसलाही शिवत नव्हती. मी भाऊंना चौकटीतला मजकूर मराठीत सांगितला, तर भाऊंनी आधी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. सॉफ्टवेअरची सीडी कॉपी मारलेली होती ना. पोलिस येतात की काय, असं त्यांना वाटलं. मला हसू आलं. त्या दिवशी सकाळी मी हसत होतो, हे मला स्पष्ट आठवतं.

मग भाऊंनी विचारलं, "बाहेरची फ्लॉपी घातली का कोणी?"

मी म्हणालो, "नाही भाऊ." इतक्या पटकन म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. सुनंदाही नाही म्हणाली. ती खरं बोलत होती.

खरं सांगतो, तेव्हा मला बिघाड कशाने झालाय ते कळलेलं नव्हतं. फ्लॉपीचं 'नाही' हे नुसतं आपलं भिऊन निघालेलं. मी मशीन बंद-चालू केलं. जुन्या फाइली काढून जागा रिकामी केली. सॉफ्टवेअर पूर्ण पुसून सीडीवरून पुन्हा टाकलं — सुरू करायला गेलो तर तीच चौकट. दुसऱ्यांदा पुसलं, दुसऱ्यांदा टाकलं, पुन्हा तेच. अशात एक पाटील खेटे घालत होते. त्यांची आई गेली होती आणि गंधमुक्तीच्या दिवशी, सुतक फिटताना, हार घालायला त्या माउलीचा एकही सुटा फोटो घरात नव्हता. कोणाच्या तरी लग्नातला एक ग्रुप फोटो होता, त्यात मागच्या रांगेत उभी. त्यातून तिला बाहेर काढायचं, मोठं करायचं, फ्रेम करायची. पाटील दिवसातून दोनदा यायचे, बाकावर बसायचे आणि काचेच्या खोलीकडे बघत राहायचे. भाऊंना ते बघवत नव्हतं. गुरुवारी ते माझ्यावर पहिल्यांदाच खेकसले. गिऱ्हाइकासमोर.

गुरुवारीच दुपारी मला कळलं. चित्राखालच्या त्या बारीक ओळी मी कधी नीट वाचल्याच नव्हत्या. तोंड मॉनिटरला लावून वाचल्या. दर वेळी सॉफ्टवेअर एकाच ओळीवर मरत होतं, आणि ती ओळ फॉन्ट वाचण्याची होती. मी धुळ्याहून आणलेल्यांतला एखादा फॉन्ट खराब असणार. सॉफ्टवेअर कितीदा का टाकेना, फॉन्ट आपले मशीनमध्ये तसेच होते, मग ते सुरू कुठून होणार? ते फॉन्ट काढून टाकायचे, की झालं. पाच मिनिटांचं काम. माझा हात माउसवर होता.

आणि अक्का खाली आल्या.

अक्का म्हणजे भाऊंच्या आई. दुकानात त्या सहसा यायच्या नाहीत. त्यांना वरूनच सगळं कळायचं. झालं असं होतं, की मंगळवारी सकाळी त्यांनी सुनंदाला माठात पाणी भरायला वर बोलावलं, तर ती जिन्याशीच थांबली आणि हळूच म्हणाली, अक्का, मला अडचण आहे. म्हणजे पाळी. कोणी विचारलं नव्हतं. न सांगता पाणी भरलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण अक्कांच्या घरात विटाळ पाळतात, त्यांना फसवायला नको, म्हणून तिने आपण होऊन सांगितलं. अगरबत्तीही तिने त्या दिवशी लावली नाही. मशीन मात्र सुरू केलं, कारण ते काम होतं. कामाला कोण विटाळ मानतं, असं तिला वाटलं असणार.

अक्कांनी दोन दिवस विचार केला होता. त्या काचेच्या खोलीच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि भाऊंना आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "इटाळमा हात लावा तिनी मशीनले. लक्ष्मी शे ती. आनखी काय व्हई?"

सुनंदा तिथेच होती. दुकानात पाटील होते, फ्रेमा बनवणारा कारागीर होता, मी होतो. एवढ्या पुरुषांच्या देखत तिच्या पाळीबद्दल बोलणं चाललं होतं, आणि ती भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होती. भाऊ तसे कर्मठ नव्हते. त्यांना आईचं म्हणणं पटलेलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते माझ्याकडे वळले.

"इंजिनियर, तू शिकेल माणूस आहेस. तू सांग. असं होतं का?"

इथे मी दर वेळी थांबतो. मनातल्या मनात ही गोष्ट कितीदा सांगितली असेल, पण इथपर्यंत आलो की पाणी पिऊन येतो, दार लावून येतो, काहीतरी काम काढतो. मला कारण माहीत होतं, हो की नाही? माझा हात अजून माउसवर होता. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. फ्लॉपीचं कबूलही करायची गरज नव्हती — 'नाही भाऊ, असं काही नसतं, थोडा वेळ द्या, मी करतो सुरू' — एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. माझी नोकरी गेली नसती, तिचीही गेली नसती. अक्का पुटपुटत वर गेल्या असत्या.

मी म्हणालो, "होऊ शकतं भाऊ."

आणि तिथेच थांबलो असतो तरी गोष्ट वेगळी होती. मी पुढे बोललो. म्हणालो, त्या दिवसांत बाईच्या अंगात उष्णता वाढते, अंगातली वीज बदलते, आणि हार्ड डिस्क हा भाग फार नाजूक असतो, त्याच्यावर त्याचा परिणाम होतो. पुण्याला आम्हाला शिकवलं होतं, म्हणालो. कोणी शिकवलं होतं मला हे? कुठल्या पुस्तकात होतं? मी तिथल्या तिथे रचत गेलो, इंग्रजी शब्द पेरत गेलो, आणि शर्टाच्या खिशाला दोन पेनं होती. अक्कांनी नुसता विटाळ म्हटला होता. त्या विटाळाचं मी सायन्स करून दिलं. भाऊंनी अक्कांचं ऐकलं नसतं; त्यांनी माझं ऐकलं.

का? खूप शोधलं. भीती होती, ती आहेच. पण नुसती भीती नव्हती. "तू घाई करतोस" हे वाक्य मनात कुठेतरी होतं, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. दोषी हाताशी तयार होता आणि तो मी नव्हतो, याचा मला आनंद झाला होता. होय, आनंदच. दुसरा शब्द मला सापडत नाही.

सुनंदाने मान वर केली. मला वाटलं, ही आता रडेल, नाहीतर भांडेल. तसं काही नाही. तिने मला विचारलं, "असं असतं सर?"

टोमणा नव्हता हो त्यात. ती खरंच विचारत होती. माउस कसा धरायचा ते विचारायची ना, तसंच. मी सर होतो, मला माहीत असणार.

"असतं," मी म्हणालो. "मीच आधी सांगायला हवं होतं तुला."

तिने ते ऐकलं आणि खरं मानलं. लांबूनच, हात न लावता मशीनला नमस्कार केला, अक्कांना म्हणाली, "चुकलं माझं," आणि रुमाल, डबा, पर्स उचलून निघून गेली. उद्यापासून येऊ नको, असं भाऊंना म्हणावंही लागलं नाही. ते गल्ल्याशी उभे राहून उगाच पावत्या चाळत होते.

अक्कांनी गोमूत्र आणलं. ते कीबोर्डात जाऊ नये म्हणून मी त्याच्यावर वर्तमानपत्र पसरलं. बघा, एवढं भान मला होतं. मशीनचं नुकसान होऊ नये याची काळजी मी घेत होतो. शिंपडून झाल्यावर मी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं, दार लावलं आणि धुळ्याहून आणलेले सगळे फॉन्ट एकेक करून पुसून टाकले. सॉफ्टवेअर उघडलं. चित्र आलं, ओळी झरझर पुढे गेल्या, आणि सुरू झालं. काचेतून सगळे बघत होते. अक्कांनी हात जोडले. "दखा, मी सांगेल व्हतं ना?" म्हणाल्या. अन् मी मान डोलावली.

पाटलांच्या आईचा फोटो मी केला. पदराची कड मला नीट जमली नाही, थोडी तुटकी राहिली. पाटलांना ते दिसलं नाही. ते फोटो छातीशी धरून रडले. मला मात्र ती कड दिसत होती. अक्कांनी वरून शिरा पाठवला होता, तो मी खाल्ला.

त्यानंतर स्टुडिओत नियमच झाला. पुढे ज्या मुली कामाला आल्या, त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं — ते चार दिवस यायचं नाही, पगार कापला जाईल. सांगायचो मी. मशीनचे नियम सांगणं माझ्याकडे होतं ना. मुली लाजून मान खाली घालायच्या आणि हो म्हणायच्या. एकीने विचारलं, का? तिलाही मी ती उष्णता आणि वीज सांगितली, आणि आता मला ते सांगताना अडखळायलाही होत नव्हतं. एकदा शिरपूरला लग्नाच्या कामाला गेलो होतो, तिथला एक स्टुडिओवाला मलाच समजावू लागला, की बायांना त्या दिवसांत कॉम्प्युटरला हात लावू द्यायचा नसतो, जळगावच्या एका इंजिनियरने शोधून काढलंय. मी 'हो का' म्हणालो. माझंच खोटं माझ्यासमोर येऊन चहा पीत बसलं होतं, आणि चहाचे पैसेही त्यानेच दिले.

सुनंदाचं काय झालं, हे मी कोणाला विचारलं नाही. कानावर आलं, की मामाने आठ-पंधरा दिवसांत तिला गावी पोचवलं आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी मनाशी म्हणालो, कधीतरी होणारच होतं. हे असं म्हणता येतं. माणूस काय वाटेल ते म्हणू शकतो.

इथवर मी जे सांगितलं ते वाईट आहे, मला कळतं. पण हे सगळं मी बहुतेक कधीतरी कोणाला सांगून टाकलं असतं. तरुण होतो, भ्यालो, थाप मारली — असं म्हणून. जे सांगायला मला खरोखर लाज वाटते ते याच्या पुढचं आहे. तेव्हा मी घाबरलेला नव्हतो. भाऊंचा स्टुडिओ सोडून मी स्वतःचं दुकान टाकलं होतं, कोणी मला काही विचारणारं नव्हतं.

दशक संपत आलं होतं. एका लग्नाचा अल्बम पोचवायला चोपड्याला गेलो होतो. परतताना स्टँडवर जळगावच्या गाडीची वाट बघत उभा होतो, तर मागून हाक आली — "सर!" एवढ्या वर्षांत मला सर म्हणणारं दुसरं कोणी भेटलं नव्हतं, म्हणून वळण्याआधीच मला कळलं. सुनंदा. अंगाने भरली होती, कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी. तिचा चेहरा मला बघून फुलला होता. तिला माझा राग यायला हवा होता की नाही? मला तिच्या चेहऱ्यावर राग शोधूनही सापडेना.

ती बोलत राहिली. घर चांगलं आहे, मालक केळीच्या कामात असतात, सासू प्रेमळ आहे. मग म्हणाली, मध्यंतरी त्यांच्याकडच्या शाळेत कॉम्प्युटर आला. तालुक्यात शिकवायला माणूस मिळेना. कोणीतरी तिचं नाव सांगितलं, हेडमास्तर घरी आले, सासू-सासरेही तयार होते. "मीच नको म्हटलं सर," ती म्हणाली. "त्या दिवसांतच बिघडतं की एरवीही माझ्या हाताने बिघडेल, काय सांगता येतं? दुसऱ्याच्या महागड्या वस्तूचं नुकसान नको." हे ती अगदी सहज सांगत होती. मी स्टँडवरची वेळापत्रकाची पाटी वाचत होतो.

मग तिने मुलीला कडेवरून खाली उतरवलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "तेव्हा माझ्यामुळे तुम्हाला खूप बोलणी बसली सर. तुम्ही इतकं मनापासून शिकवलं आणि मी असं केलं. मनात राहून गेलं होतं. माफ करा मला."

गाडी लागलेली नव्हती. आसपास ओळखीचं कोणी नव्हतं. माझ्याकडे वेळ होता, दुकान माझं होतं, नोकरी कोणाची जाणार नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं. तेवढं बोललो असतो तर ती दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांकडे गेली असती. कदाचित नसतीही गेली, पण मी बोलायला हवं होतं.

मी हसलो. मोठ्या मनाने. "जाऊ दे गं सुनंदा," म्हणालो. "तुला तेव्हा कळत नव्हतं. मी मनात काही ठेवलेलं नाही."

तिने सुस्कारा सोडला. डोळे पुसले. मग वाकून मुलीच्या मानेवर हळूच हात ठेवला आणि तिला म्हणाली, "सरांच्या पाया पड." ती पोर माझ्या बुटांवर डोकं टेकून उठली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "खूप शिक हं."